दिवा विझवायची वायर

ठाण्याला मावसबहिणीचं लग्न उरकून चिपळूण स्टेशनला उतरले तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. एका हातात साड्यांची बॅग, दुसऱ्या हातात आईसाठी बुंदीच्या लाडवांची पिशवी. पार्किंगमध्ये आमची सिल्व्हर रंगाची वॅगनआर उभी. रिमोट दाबला, काही नाही. चावीनं दार उघडलं, आतला दिवा लागेना. स्टार्टर मारला तर साधं टक्‌ सुद्धा झालं नाही.

मी बारावीला फिजिक्स शिकवते. अँपिअर-अवर म्हणजे काय, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्यामुळे कारण कळायला मला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली एक छोटा काळा स्विच चिकटवलेला होता आणि तो 'चालू'कडे कललेला होता. दोन दिवसांपूर्वी गाडी पकडायच्या घाईत मी तो तसाच ठेवून पळाले होते. तोपर्यंत पुढच्या बंपरवरचे एलईडी दिव्यांचे दोन पांढरे पट्टे कुणाला न दाखवता जळत राहिले आणि मग हळूहळू मंद होत मेले.

हिशेब नंतर घरी केला. दोन्ही पट्टे मिळून ०.६८ अँपिअर घेतात. गाडी ५२ तास उभी होती. गुणाकार ३५ अँपिअर-अवर. बॅटरीत एकूण किती वीज मावते तो आकडा तिच्यावर छापलेला आहे: ३५. परीक्षेत इतकं गोळीबंद उत्तर येणारं गणित मी स्वतः कधी काढलं नसतं, मुलं म्हणाली असती मॅडमनी उत्तरावरून प्रश्न बनवला.

आता मुळात हे पट्टे लावले कशाला, तर त्याचं कारण कुंभार्ली घाट. मी चिपळूणहून रोज घाटावरच्या एका कॉलेजात जाते. पोफळी सोडली की चढ सुरू होतो आणि हेळवाकपर्यंत वळणंच वळणं. पावसाळ्यात तिथे रस्ता राखाडी, आभाळ राखाडी, दरी राखाडी, आणि त्यात माझी गाडीही राखाडी. समोरून उतरणारा ट्रक पुढच्या टेम्पोला ओव्हरटेक करायला बाहेर काढतो, मी दिसते, परत आत घेतो. असं दोन-तीनदा झालं. एकदा तर त्यानं आत घेतलं नाही, मीच घेतलं, आणि डावीकडची दोन चाकं गटारात. तेव्हा ठरवलं, दिवसा दिसायला पाहिजे.

दिवसा लागणारे हे दिवे, सगळे ज्याला डीआरएल म्हणतात ते, रस्ता दाखवण्यासाठी नसतातच. ते आपण दिसावं म्हणून. ही कल्पना थंड देशांतली, जिथे हिवाळ्यात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजावर लोळत असतो. स्वीडननं १९७७ सालीच दिवसा दिवे लावून गाडी चालवायची सक्ती केली. युरोपात २०११ च्या फेब्रुवारीपासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना हे दिवे कारखान्यातूनच लागले. आपल्याकडे २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू आली, तेव्हाची गंमत आठवते? चौकाचौकात लोक हाताची बोटं मिटून-उघडून खूण करायचे, 'ओ, लाइट चालू राहिलीय!' स्कूटीवरच्या बाई बिचाऱ्या बटण शोधायच्या, आणि बटण नसायचंच. कारना मात्र अशी सक्ती नाही. ज्याला हवे त्यानं बाजारातून आणून लावावेत.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ११०० रुपयांची जोडी घेतली आणि हायवेवरच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात बसवून घेतली. तिथल्या मुलानं अर्ध्या तासात काम संपवलं. बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर, मध्ये तो काळा स्विच, तिथून दिवे. मी विचारलं, "फ्यूज?" तो म्हणाला, "एलईडी आहे मॅडम, लोडच नाही." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. फ्यूज दिव्यासाठी नसतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर अख्ख्या बॅटरीचा करंट त्या बारीक वायरमधून जातो आणि वायरची शेगडी होते. फ्यूज असतो तो वायरसाठी. पण दिवाळी होती, घरी चकल्या तळायच्या राहिल्या होत्या, आणि दिवे लागले की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं.

स्टेशनवरून त्या रात्री एका रिक्षावाल्या दादांच्या मदतीनं जंपर लावून घरी आले. अप्पा जागेच होते. अप्पा म्हणजे माझे वडील, पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, आयुष्यभर नोकरी केलेले. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, विसरल्याबद्दल बोलणी बसतील. ते म्हणाले, "लागतो कसा ते सगळेच बघतात. बंद कसा होतो ते त्या पोरानं बघितलं का?"

मी म्हटलं, "स्विचनं."

"म्हणजे तुझ्यानं. मग ते बंद होणं नव्हे."

२६ जानेवारीला झेंडावंदन करून आले आणि आम्ही दोघं अंगणात गाडीला लागलो. मी बोनेट उघडून पक्कड हातात घेतली, तर अप्पा पायरीवरून, "परमिट घेतलंस का गो?" वीजघरात लाइनवर काम करायचं तर आधी परमिट घ्यावं लागतं, म्हणजे पलीकडून कुणीतरी सप्लाय तोडून तसं लिहून देतो. आमच्या अंगणातलं परमिट म्हणजे १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस काढायचा आणि ती केबल फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. मायनसच आधी, कारण प्लस काढताना पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणग्यांची दिवाळी. मी परमिट घेतलं.

जुनी वायर उपसायला घेतली आणि दोघंही गप्प झालो. रेडिएटरच्या वरच्या पट्टीच्या धारेवरून ती तशीच ओढलेली होती. दोन-अडीच महिन्यांच्या घाटाच्या हादऱ्यांनी तिथलं लाल वेष्टण तासल्यासारखं गेलं होतं आणि आतली तांब्याची तार चमकत होती. पत्र्यापासून फार तर एक मिलिमीटर. त्या तारेत आणि बॅटरीत काहीच नव्हतं. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून ती जवळून बघितली, कात्रीनं तेवढा तुकडा कापला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. तो तुकडा अजून त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडमध्ये आहे.

आता नवीन मांडणी. आमच्या तीन अटी होत्या. चावी फिरवली की दिवे आपोआप लागावेत. पार्किंग लाइट किंवा हेडलाइट लावली की आपोआप विझावेत. चावी काढली की काहीही झालं तरी विझावेत. दुसरी अट हौसेची नाही. या दिव्यांना आंतरराष्ट्रीय नियमात कमीत कमी ४०० आणि जास्तीत जास्त १२०० कँडेलाची (कँडेला म्हणजे उजेडाच्या तीव्रतेचं माप) मर्यादा आहे. भर उन्हात दिसण्यासाठी एवढा उजेड लागतो. तोच उजेड रात्री समोरच्याच्या डोळ्यात जातो.

सुरुवातीला मी एक चलाख उपाय काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता. दिव्याचा मायनस पत्र्याला द्यायचाच नाही, तो पार्किंग लाइटच्या प्लसला जोडायचा. पार्किंग बंद असताना करंट पार्किंगच्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला जातो. पुढचे-मागचे सगळे छोटे बल्ब एकमेकांना समांतर असल्यामुळे तिथला रेझिस्टन्स अगदी किरकोळ, बल्ब पेटतसुद्धा नाहीत आणि आपले पट्टे मस्त लागतात. पार्किंग लावली की दिव्याच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, फरक शून्य, दिवा बंद. रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, नको, काही नको. कागदावर इतकं देखणं सर्किट!

अप्पांनी कागद उलटसुलट बघितला. "उद्या पार्किंगला एलईडी बल्ब टाकलेस तर?"

मग वाट बंद. एलईडी उलटा करंट सोडत नाही, सुलटाही असा फुकट सोडत नाही.

"आपलं पाणी दुसऱ्याच्या परसातून काढायचं नाही," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

मग आला पाच पायांचा रिले. साधा, गाडीच्या हॉर्नला वगैरे असतो तसलाच, फक्त मधला पाचवा पाय असलेला. त्याच्या बुडावर आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. ३० मध्ये सप्लाय येतो. कॉइलला वीज नसते तेव्हा ३० हा ८७ए ला चिकटलेला असतो, वीज दिली की तो टक्‌ करून ८७ कडे उडी मारतो. बहुतेक लोक ८७ वापरतात, कारण त्यांना वीज दिल्यावर काहीतरी लावायचं असतं. आम्हाला वीज दिल्यावर विझवायचं होतं, म्हणून आमचा पाय ८७ए. चावीचा सप्लाय ३० ला, दोन्ही पट्ट्यांचे प्लस ८७ए ला, पार्किंगचा प्लस ८६ ला, ८५ अर्थला. बस. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरवर ८६ ओहम आला, म्हणजे पार्किंगच्या वायरवर जास्तीचा भार जेमतेम ०.१४ अँपिअर.

"आणि ८७?" अप्पा.

"तो मोकळा."

"मोकळा कसा? पार्किंग लावलीस की त्यात बारा व्होल्ट येणार." त्यांनी त्या रिकाम्या पायावर स्वतः स्लीव्ह चढवली. मला खरंच सुचलं नव्हतं.

"आणि रिले मेला तर?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार होतं. कॉइल जळली तर ३० आणि ८७ए चिकटलेलेच राहतील, म्हणजे पट्टे रात्री विझणार नाहीत. वाईट, पण ते पुढून मला दिसेल. चावी काढली की सप्लायच तुटतो, बॅटरी शाबूत. अप्पांनी मान हलवली. त्यांची मान हलणं म्हणजे आमच्याकडे आयएसआय मार्क.

सप्लाय घेतला वायपरच्या फ्यूजवरून. हे निवडायला थोडा वेळ घालवावा. इंजिनाचा, एअरबॅगचा फ्यूज असेल तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. चार्जिंग सॉकेटचा फ्यूज सोयीचा वाटतो, पण तो चावीच्या पहिल्याच खटक्यावर चालू होतो. गाडी उभी करून गाणी ऐकत बसलात तर पट्टे जळत राहणार. वायपरला चावी पूर्ण 'ऑन' लागते. तिथला फ्यूज काढून त्या जागी दोन मजली फ्यूजधारक बसवला, म्हणजे खालच्या मजल्यावर जुना फ्यूज, वरच्यावर आपला ३ अँपिअरचा. हा धारक उलटाही बसतो आणि उलटा बसला तरी सगळं चालतं, म्हणूनच चूक कळत नाही. तसा बसला तर आपला करंट जुन्या फ्यूजमधूनच जातो. आधी टेस्टरनं बघायचं की रिकाम्या खाचेतल्या कुठल्या बाजूला वीज आहे, आणि धारकाचा दोन्ही फ्यूजना सामाईक असलेला पाय त्या बाजूला ठेवायचा. त्यासाठी परमिट तात्पुरतं परत केलं, बघितलं, पुन्हा घेतलं.

डॅशबोर्डखालून बोनेटमध्ये वायर न्यायला पत्र्यात एक रबरी बूच असतं, ज्यातून कंपनीचा वायरींचा जुडगा जातो. त्यातून बोटही शिरत नाही. आईनं माळ्यावरून मोडकी छत्री काढून दिली. छत्रीची एक काडी घेऊन तिच्या टोकाला वायर टेपनं बांधली, थोडं खोबरेल लावलं आणि पलीकडे सारली. पहिल्या फटक्यात आरपार. कोकणात मोडक्या छत्र्यांचा तुटवडा नाही.

जोडाबद्दल अप्पा फार कडक. बाजारात निळी चिमटी मिळते, वायरवर दाबली की आतलं पातं वेष्टण फाडून तारेला भिडतं, दोन सेकंदांचं काम. आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत त्या फाडलेल्या जागी हिरवट-निळा मोरचुदासारखा थर धरतो. त्यापेक्षा डाग द्यायचा. पार्किंगच्या वायरचं वेष्टण ब्लेडनं बोटाच्या पेराएवढं सोललं, तार न कापता दोन भागांत फाकवली, मधून नवी तार ओवली आणि पिळली. मग खालून सोल्डरिंग आयर्न टेकवायची आणि शिसं वरून तारेला लावायचं, आयर्नला नाही. तार तापली की शिसं आपसूक आत ओढलं जातं, जोड क्षणभर ओला चमकतो आणि हात न हलवता तीन आकडे मोजले की करडा होऊन बसतो. हात हलला तर तो दाणेदार दिसतो, मग पुन्हा. माझे पहिले दोन दाणेदार झाले. अप्पांचा हात आता थरथरतो, म्हणून ते वायर धरायला आणि डाग मी. मग टेप, त्यावर वळ्यांची काळी नळी, आणि रेडिएटरच्या त्या धारेपासून चांगली वीतभर लांबून रस्ता.

पट्टे आधीच्या जागेवरून काढून मोजून लावले. जमिनीपासून कमीत कमी २५ सेंटीमीटर, दोघांच्या आतल्या कडांमध्ये कमीत कमी ६० सेंटीमीटर, असा तोच आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. अंतर कमी पडलं तर लांबून गाडीऐवजी मोटारसायकल वाटते. आमचे ४२ आणि ६८ भरले. बंपर काढताना दोन क्लिपा तुटल्या. क्लिपा तुटतातच, पाकीट आधीच आणून ठेवावं.

परमिट परत करून चावी फिरवली. उजवा पट्टा झकास लागला. डावा लागला, पण आजाऱ्यासारखा, आणि गाडीला हात लावला की लुकलुकायचा. मला वाटलं माझाच डाग कच्चा. तो सोडून पुन्हा दिला. तरी तेच. मग मीटर लावला, एक टोक डाव्या पट्ट्याच्या मायनसला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. तिथे शून्य यायला पाहिजे. आला १.९ व्होल्ट. म्हणजे बिघाड येण्याच्या वाटेवर नव्हता, जाण्याच्या होता. डावा अर्थ आम्ही बॉडीच्या एका तयार बोल्टला दिला होता, कारण तो तिथे होता. बोल्ट काढला तर खाली तपकिरी भुगा आणि त्यात बारीक गाळ. वशिष्ठी नदीचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा गाडी वर चढवेपर्यंत बंपरपर्यंत बुडाली होती. नंतर सीट वाळवल्या, तेल बदललं, सगळं केलं, पण प्रत्येक बोल्टाखाली बघायला कोण जातं? चिपळूणच्या गाड्यांमध्ये तो पूर अजून असा बोल्टाबोल्टाखाली बसलेला आहे. कानशीनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. आकडा ०.०३. दोन्ही पट्टे जुळे भाऊ.

मग चाचणी. पार्किंग लाव. टक्‌, विझले. काढ. टक्‌, लागले. अप्पांनी वीस वेळा करायला लावलं आणि पायरीवर बसून मोजले. आई भाजी निवडत होती, ती म्हणाली, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा दिवसा हेडलाइटच लावून जात जा ना." यावर मी ५५ वॅटचे दोन बल्ब अधिक मागचे दिवे विरुद्ध हे साडेआठ वॅट, बल्बचं आयुष्य वगैरे बोलले. पण तिचं चुकलं नव्हतं, हे जुलैत कळलं.

जुलैत घाटात असं धुकं होतं की वायपर नुसता पुसल्यासारखं करत होता. मी लो बीम लावून पंचवीसच्या स्पीडनं चढत होते. एका वळणावर अचानक समोर, माझ्या बोनेटपासून दोन गाड्यांवर, पांढऱ्या कारची पाठ. एक लाल ठिपका नाही. ब्रेक मारला, मागचा टेम्पोवाला हॉर्नवर बसला. पुढे हेळवाकला ती गाडी चहाच्या टपरीपाशी थांबली, मीही थांबले. पुढून बघते तर काय, बंपरवर दोन पांढरेशुभ्र पट्टे लखलखतायत.

"दादा, तुमचे मागचे दिवे लागलेले नाहीत," मी म्हटलं.

तो पुढे आला, पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "लागलेत की ताई, हे काय!"

त्याचं तरी काय चुकलं? समोरच्या भिंतीवर उजेड पडला की ड्रायव्हरला वाटतं गाडीचे दिवे चालू आहेत. हे दिवे फक्त पुढे लागतात, गाडीची मागची बाजू अंधारातच राहते. त्याला लाइटचं बटण फिरवायला लावलं, मागे जाऊन लाल झालं ते बघितलं, आणि त्यानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी मात्र तेव्हापासून पावसात पोफळीची कमान आली की हात आपोआप लाइटच्या दांडीवर नेते. कानाला फ्यूजबॉक्सच्या बाजूनं ते टक्‌ ऐकू आलं, म्हणजे पट्टे विझले आणि मागचे लाल लागले. रेडिओ त्या वेळी बंद ठेवते.

त्या दिवशी घरी यायला साडेसात झाले. पाऊस होताच. गेटपाशी हेडलाइटचा झोत पडला तसे अप्पा ओट्यावर आले, आडोशाला उभे राहिले आणि वाकून आधी बंपरकडे बघितलं. मग छत्री घेऊन मागे गेले, मागचं बघितलं. मी काच खाली करून म्हटलं, "काय अप्पा?"

"काही नाही. चहा ठेवलाय," म्हणाले आणि आत गेले.